लेकरांच्या वजनाचा हिशेब



आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप झाला आणि त्यानंतर आठच दिवसांत मराठवाड्यातील एका खेड्यातील महिला मंडळाचे पत्र आमच्या हाती पडले. वहीचे पान फाडून त्याच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेले पत्र. तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. खीरदानासाठी कुणी साखर दिली, कुणी दूध दिले, ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनी चूल सांभाळली. सगळा खर्च वजा जाता मंडळाकडे ६,४०० रुपये शिल्लक राहिले. या रकमेतून वस्तीतील लहान मुलांना शक्तीच्या पावडरीचे डबे वाटावेत, वाटपाला सरपंचांना बोलवावे आणि फोटोसह बातमी आपल्या पानात यावी, असे बैठकीत ठरले. एवढे लिहून झाल्यावर पत्राच्या अगदी तळाशी, निराळ्या शाईने आणि निराळ्या अक्षरात एक ओळ होती : ‘ताई, ह्या डब्यानं लेकरू भरतं का, तेवढं खरं खरं कळवा.’

त्या ओळीने आम्हाला अडवले. खरे सांगायचे तर याच पानावर आम्ही अशा वाटपाच्या बातम्या आजवर मोठ्या कौतुकाने छापल्या आहेत. अमुक मंडळातर्फे बालकांना पोषक आहाराचे वाटप, कार्यक्रम उत्साहात संपन्न, उपस्थितांची नावे खालीलप्रमाणे. डबा घरात किती दिवस पुरला, तो कुणी खाल्ला आणि महिन्याने त्या लेकराचे वजन किती वाढले, हे आम्ही एकदाही विचारले नाही. तेव्हा चूक आमचीही आहे.

हिशेब मांडून पाहू. तीनशे रुपयांच्या आसपासचा डबा धरला तर ६,४०० रुपयांत एकवीस डबे येतात. त्या वस्तीत सहा वर्षांखालची लेकरे होती ४४. म्हणजे निम्म्या घरांत डबाच नाही. ज्या घरात जाईल तिथे तो दोन-तीन भावंडांत वाटला जाऊन पंधरा दिवसांत तळाला लागणार. शिवाय यांपैकी बऱ्याच पावडरींत साखरेचा वाटा मोठा असतो. आम्ही मंडळाला उलटटपाली कळवले की डबे घेऊ नका, आम्ही येतो. येईपर्यंत एकच काम करा. वस्तीतल्या प्रत्येक लेकराचे वजन अंगणवाडीत किती नोंदले आहे, त्याची यादी मिळवून ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. सकाळी आठनंतर वस्तीत म्हातारी माणसे आणि लेकरे एवढीच उरतात. अंगणवाडी गावठाणात, ओढ्याच्या पलीकडे. तीन वर्षांच्या पोराला तिथवर कोण नेणार? त्यामुळे वस्तीतली मुले गरम ताज्या आहाराला जात नाहीत. घरपोच आहाराची पाकिटे तेवढी कुणीतरी थोरली पोरगी जाऊन घेऊन येते. सेविकाबाई चांगल्या स्वभावाच्या आहेत, हे आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्याकडे राग काढायला अंगणवाडीची बाई फार सोयीची पडते. लसीकरणाला हजर राहा, सर्वेक्षण करा, मोबाईलमध्ये माहिती भरा, बैठकीला तालुक्याला जा, आणि मानधनावर. त्यांनी यादी दाखवली. प्रत्येक लेकराचे वजन दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅमने वाढलेले! लेकरे काही पायरीपायरीने वाढत नाहीत. जुलाब झाले की घटतात, आजोळी जाऊन आली की भरतात. आम्ही काही बोललो नाही, पण बाई स्वतःच म्हणाल्या, ‘काट्याची स्प्रिंग गेलीय ताई. दोनदा लिहून दिलं वर. मोबाईल आकडा मागतो, आकडा भरल्याबिगर पुढं जात नाही.’

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई लसीकरणाला येणार होत्या. त्यांच्याकडे चांगला काटा होता, दंडघेर मोजायची पट्टीही होती. ही पट्टी आपल्या प्रत्येक मंडळाने डोळ्यांनी पाहावी अशी वस्तू आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा रंग येतो, साडेअकरा ते साडेबारा आला तर पिवळा, आणि साडेअकराच्या खाली गेला तर लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, घरी थांबायचे नाही. शाळा न शिकलेल्या आजीलाही हे समजते, कारण इथे आकडा वाचावा लागत नाही.

त्या दिवशी ३७ लेकरे आली. नऊ पिवळी निघाली, दोन लाल. लाल निघालेल्यांपैकी एक मुलगी दीड वर्षाची. तिची आजी तिला कडेवर घेऊन आली होती, आणि पोरगी आजीच्या खांद्यावर मान टाकून होती, सुई पाहूनही रडली नाही. वजन ६ किलो ९०० ग्रॅम. दंडघेर ११.२. या वयाच्या मुलीचे वजन ८ किलो १०० च्या खाली असले की ते कमी आणि ७ किलो २०० च्या खाली असले की अति कमी समजतात. मोबाईलमधल्या यादीत त्या पोरीचे वजन होते ८ किलो २००. कागदावर ती धडधाकट होती.

संध्याकाळी तिची आई वेचणीवरून आली. मुलीला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागेल, तिथे आईसह चौदा दिवस राहायचे असते, उपचार आणि जेवण मोफत असते, हे नर्सबाईंनी समजावून सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘चौदा दिवसांत वेचणी सरंल. आन् मोठं पोरगं कुणाच्या गळ्यात टाकू? सासूला दिसत न्हाई.’ हे बोलताना ती भाकरी थापत होती. तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिचा हिशेब चोख होता. त्या हिशेबात सरकारने आणि समाजाने आपापला आकडा भरला नव्हता, एवढेच.

भगिनींनो, लेकरांच्या आरोग्याचा पैसा कुणी भरायचा, हा प्रश्न नवा नाही. आपल्या घरात तर तो मुळीच नवा नाही. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलै महिन्यात. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. या दोन गोष्टी आम्ही ओढूनताणून जोडत नाही, ज्याने त्याने जाणावे. कारखान्यात राबणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही दिवस विश्रांती मिळावी, आणि त्या काळात तिच्या हाती पैसा पडावा, असे ते विधेयक होते. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खर्चाचा होता. बाबासाहेबांनी सांगितले की आईला ही विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने सोसायचा. पण बाईच्या कामातून ज्या मालकाला फायदा होतो तोही यातून मोकळा सुटत नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

त्या युक्तिवादात ‘दया’ कुठेही नाही. ज्याला लाभ होतो त्याने भार उचलायचा, असा तो रोखठोक हिशेब आहे. आणि आपण मात्र वर्गणी काढून डबे वाटतो, आणि जो पैसा आपल्या लेकरांच्या नावाने आधीच ठेवलेला आहे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही!

तो पैसा कुठे आहे, ते आता सांगतो. जरा सावकाश वाचा, आणि मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा हक्क केला. रोजचा ५०० उष्मांकांचा आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार, आणि लेकरू तीव्र कमी वजनाचे असेल तर ८०० उष्मांकांचा. यासाठी केंद्राने २०१७ साली दर ठरवला तो बालकामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी १२ रुपये. आठ रुपयांत बाजारात काय येते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. या आकड्यावर बोलायला हवे, पण आहे तो आहार ओढा ओलांडून आपल्या वस्तीत येत नाही, हे त्याआधीचे दुखणे आहे.

त्यावरही उपाय आहे. अन्नाच्या हक्काबाबत २००१ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली, ती बरीच वर्षे चालली आणि तिच्यात एकामागून एक आदेश निघाले. नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्या, असे न्यायालयाने बजावले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर आणखी पुढचे पाऊल आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० बालके आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आमच्या या मंडळाच्या वस्तीत ४४ लेकरे! इतकी वर्षे हा हक्क होता आणि कुणी लेकरे मोजलीच नव्हती.

ग्रामपंचायतीकडे वळू. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च झाली पाहिजे. घरपट्टी आपण भरतो, पाणीपट्टी आपण भरतो, तेव्हा हा आपल्याच खिशातून गेलेला पैसा आहे. याखेरीज राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले, त्याने प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती नेमली आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी ठेवला. अबंधित म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा. आजारी लेकराला दवाखान्यात न्यायला गाडी लागली, काटा दुरुस्त करायचा झाला, तर त्यासाठीच तो आहे. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे, हे आज संध्याकाळी विचारून पाहा. आमचा अनुभव असा की समितीतल्या बाईलाच आपण समितीत आहोत हे ठाऊक नसते.

मागितल्याने काय होते, याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावोगावचे लोक आपल्या उपकेंद्राचे, दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरत आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडत. बाह्यरुग्ण विभागाची वेळ, औषधांचा साठा, नर्सबाईंची वस्तीभेट अशा साध्यासाध्या गोष्टी तिथे विचारल्या जात.

ओढा काही सगळीकडे पाण्याचाच असतो असे नाही. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातील काही गावांत दलित बालकांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचारी घरात पाऊल न टाकता बाहेरूनच बोलतात, औषध देताना स्पर्श टाळतात, वेळ कमी देतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे असे घडत नाही असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आपल्या वस्तीतल्या बाळंतिणींना एकेकटे बसवून विचारावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील अनुसूचित जातींच्या पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ३९ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली, तर कुठल्याही राखीव प्रवर्गात न मोडणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. आपल्या महाराष्ट्रात त्याच पाहणीत सर्व समाज मिळून ३५.२ टक्के मुले खुंटलेली होती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेली.

मग समाजाने काहीच करायचे नाही काय? तसे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली. त्यांनी बाळाचे वजन केले, ऊब दिली, श्वास मोजले, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. नवजात बालकांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ही गोष्ट जगाने वाचली. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी देते, त्याची वाट तिथून निघाली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले तेव्हा गावोगावच्या आरोग्य सेविका म्हणून ज्या बाया पुढे आल्या, त्यांत निरक्षर होत्या, दलितही होत्या. ज्यांना सवर्णांच्या उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्याच पुढे त्या घरांत बाळंतपणे करायला शिरल्या. दोन्ही ठिकाणी प्रत्येक लेकराला नावाने ओळखणारी, त्याच गल्लीतली बाई होती. सरकारी पैशाला हे डोळे नसतात. ते आपल्या मंडळाकडे आहेत.

पुन्हा त्या भाकरी थापणाऱ्या आईकडे येतो. पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ती बँकेत जमा होते, पण होईल तेव्हा. तोवर घरातला किराणा थांबत नाही. त्या रात्री मंडळाची बैठक आमच्यासमोरच समाजमंदिरात बसली. डब्यांचा ठराव रद्द झाला. एका मावशीने थोरल्या पोराला आणि न दिसणाऱ्या सासूला जेवू घालायचे अंगावर घेतले. किराण्याला १,२०० रुपये, जाण्यायेण्याला ४६० रुपये. नऊ पिवळ्या लेकरांना साठ दिवस रोज एक अंडे द्यायचे ठरले. सात रुपयांनी ते होतात ३,७८० रुपये. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून बालकांना अंडी मिळतात, आपल्या गावाला ती योजना लागू नाही, म्हणून हा खर्च मंडळाचा. अंडी विहारातून वाटायची की नाही, यावर मात्र तासभर कडाक्याचा वाद झाला. दोन उपासिका उठून जायला निघाल्या होत्या! शेवटी अंडी आशाताईंच्या ओट्यावर उकडायची आणि लेकराने तिथेच, समोर बसून खायची असे ठरले, म्हणजे ती घरच्या मोठ्यांच्या ताटात जाणार नाहीत. सगळे धरून ५,४४० रुपये झाले आणि ९६० शिल्लक राहिले.

आईला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत बसवून दिले. तिचा नवरा गाडी सुटेपर्यंत एक शब्द बोलला नाही, मग धावत जाऊन खिडकीतून त्याने पन्नासाची नोट दिली. दुसऱ्या लाल निघालेल्या मुलाचे आईबाप ऊसतोडीला निघून गेले होते. लेकरू त्यांनी लसीकरणाच्या तिसऱ्याच दिवशी सोबत नेले. आशाताईंनी फोनवरून पाठपुरावा केला, पण फोन लागेनासा झाला. ते लेकरू आज कोणत्या फडावर आहे, हे मंडळाला माहीत नाही.

पुढचे काम होते २६ जानेवारीचे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. आजवर त्या गावात तिच्या वहीवर नुसत्या सह्या गोळा होत. या वेळी वस्तीतल्या २३ बाया जाऊन बसल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गेल्या वर्षीचे दहा टक्के किती होते, आणि कशावर खर्च झाले? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही काढली. ३८,००० रुपये होते, आणि त्यांतले बरेचसे शिवणकाम प्रशिक्षणावर पडले होते. ते प्रशिक्षण कुठे झाले, कुणी घेतले, हे सभेतल्या एकाही बाईला सांगता आले नाही. मागून कुणीतरी म्हणाले, ‘आता वस्तीच्या बाया पंचायतीचा हिशेब घ्यायला लागल्या.’ तेव्हा थोरल्या पोराला सांभाळणारी ती मावशी उभी राहिली. ‘पंचायतीचा न्हाई भाऊ, आमच्या लेकरांच्या वजनाचा हिशेब घेतोय. तो कुणी ठेवलाच न्हवता.’

आश्चर्य म्हणजे गावठाणातल्या बायाही मग बोलल्या. काटा तर त्यांच्याही लेकरांना खोटाच लागत होता. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि उंची मोजायची फळी महिला व बालकल्याणाच्या निधीतून घ्यायची, असा ठराव झाला. काटा मार्चमध्ये आला. फळीचे दरपत्रक अजून फिरते आहे. अंगणवाडीच्या मागणीचा अर्ज २९ जानेवारीला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला. सोबत ४४ लेकरांची नावे, जन्मतारखा, आयांच्या सह्या-अंगठे. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका, असे आम्ही तीनदा सांगितले होते. त्यांनी पोच घेतली, आणि तिच्या तीन झेरॉक्सही काढून ठेवल्या. तोवर अंगणवाडीच्या मदतनीस बाई रोज अकराच्या सुमारास वस्तीतल्या मोठ्या मुलांना ओढ्यापलीकडे नेतात, मंडळाची एकजण पाळीने सोबत जाते. पावसाळा लागला की हे बंद पडेल.

जयंतीच्या वर्गणीतून मंडळाने तरुणांच्या समितीकडे दोन हजार रुपये मागितले होते. बरीच बाचाबाची होऊन पंधराशे मिळाले. बाकीचे कशावर गेले ते आम्ही लिहीत नाही, ज्यांच्या कानठळ्या बसल्या त्यांना ठाऊक आहे. त्या पंधराशेत उन्हाळ्याची अंडी चालू आहेत.

ती मुलगी चौदा दिवसांनी केंद्रातून निघाली तेव्हा ७ किलो ५०० ग्रॅमची होती. एप्रिलच्या अखेरीस नव्या काट्यावर ८ किलो ७०० भरली. तेवीस महिन्यांच्या मुलीला हे अजून कमीच आहे, तक्त्यावर ती अजून हिरव्या पट्ट्यात आलेली नाही. पण आता सुई दिसली की रडते, असे तिच्या आजीने आवर्जून कळवायला सांगितले आहे. आईच्या बुडीत मजुरीचे पैसे फेब्रुवारीत जमा झाले.

अंगणवाडीच्या अर्जाला २९ एप्रिलला तीन महिने पूर्ण झाले. पर्यवेक्षिका एकदा येऊन वस्ती पाहून गेल्या, समाजमंदिराची खोली तात्पुरती चालेल असे तोंडी म्हणाल्या, लेखी काही आलेले नाही. येत्या सोमवारी मंडळाच्या अकराजणी पोचेची झेरॉक्स आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन तालुक्याला जाणार आहेत. आम्हीही जात आहोत. ज्या मंडळांनी आपल्या वस्तीतील लेकरांची मोजणी केली असेल, त्यांनी चाळीसच्या वरचा आकडा असल्यास या पानाच्या पत्त्यावर कळवावे, अर्जाचा नमुना आम्ही पाठवू.